धाकटी म्हणजे नक्की कोण

वकीलबाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, एकच ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, "ही धाकटी कोण?"

"ही," आत्या म्हणाली आणि तिने शाईकडे बोट केलं.

"ही," शाई म्हणाली. तिचं बोट आत्याकडे होतं.

दोघींच्या मधल्या खुर्चीत शाईचा थोरला भाऊ बसला होता. टेबलावरच्या डब्यातलं एखादं पेन उठून आता उत्तर देईल अशा आशेने तो त्या डब्याकडे बघत राहिला. वकीलबाईंनी कागद खाली ठेवला. 'ते माझंच आहे' म्हणत सख्खी भावंडं एकमेकांच्या उरावर बसलेली त्यांनी याच टेबलासमोर पाहिली होती. जे मिळतंय ते एकमेकींच्या गळ्यात घालायला निघालेल्या दोन बायका मात्र त्यांना नवीन होत्या.

"तुम्ही आधी आपसात ठरवून यायचं होतंत," त्या म्हणाल्या.

"ठरलेलंच आहे," दोघी एकदम म्हणाल्या, आणि मग एकमेकींकडे रागाने बघू लागल्या.

शाईचे बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, घरांच्या दारांवरच्या. छापील पाट्या आल्या, आतून दिव्याने उजळणाऱ्या आल्या, तरी ज्यांना हाताने काढलेली अक्षरंच हवी असत ते त्यांच्याकडे येत राहिले. नावाच्या बाबतीत बाबा फार काटेकोर. गिऱ्हाइकाने चिठ्ठीवर घाईघाईत नाव खरडून आणलं तर ते त्याला परत पाठवायचे, घरी विचारून ये म्हणायचे. आणि याच माणसाने आपल्या घरात जन्मात कुणाला नावाने हाक मारली नाही. नाव दाराबाहेर लावायला असतं, घरात हाक असते, असं त्यांचं मत. मुलगा थोरला. मुलगी शाई, कारण रांगत्या वयात तिने शाईची बाटली उपडी करून एका डॉक्टरांच्या कोऱ्या पांढऱ्या पाटीवर दोन्ही पंजे उमटवले होते; पाटी पुन्हा केली गेली, मुलगी शाईच राहिली. बायकोला तर ती जाईपर्यंत 'ऐकलंस का' याखेरीज दुसरं संबोधन नव्हतं, आणि तिनेही आयुष्यभर ते ऐकलं.

आपलं इच्छापत्र त्यांनी कुणाला न विचारता स्वतःच लिहिलं होतं. तारीख होती, सही होती, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, खाडाखोड कुठेही नव्हती. वकीलबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या, शिकलेसवरलेले लोक माझ्याकडे याहून वाईट कागद घेऊन येतात. मजकूरही थोडक्यात. घर आणि खालचं दुकान मुलाला आणि मुलीला अर्धं अर्धं. वरची मागची खोली धाकटीची, ती आहे तोवर. तिला तिथून कुणी उठवू नये. हे सगळं पार पाडायचं काम मुलीने करावं, तिला चुका दिसतात.

चुका दिसतात हे खरं होतं. शाई एका प्रकाशनसंस्थेत प्रुफं तपासायची. ही चूक मात्र तिला वकीलबाईंनी विचारेपर्यंत दिसली नव्हती, कारण त्या घरात वाढलेल्या कुणालाच ती चूक वाटली नसती.

"यात अडचण काय आहे ते सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "धाकटी म्हणजे मुलगी असेल, तर प्रश्नच नाही. त्या अर्ध्याच्या मालकीण आहेतच. उद्या दोघा भावंडांनी ठरवलं तर घर विकता येईल. पण धाकटी म्हणजे वडिलांची बहीण असेल, तर त्या हयात असेपर्यंत त्या खोलीतून त्यांना कुणी हलवू शकत नाही. मालक तुम्ही, राहायचा हक्क त्यांचा. असं घर विकायला काढलं तर घेणारा चार पावलं मागे सरतो."

थोरल्याने डब्यावरची नजर काढली. घेणारा त्याच्याकडे होता. त्याला सगळी इमारतच हवी होती, पाडून नवी बांधायला. थोरला दुसऱ्या गावात शाळेत गणित शिकवायचा. त्याच्या घरात खोल्या दोन, माणसं सहा, आणि त्यांतली एक अंथरुणाला खिळलेली सासू. त्याला हे घर विकायला हवं होतं, यात कुणी लपवण्यासारखं काही नव्हतं.

"मग सोपं आहे," आत्या म्हणाली. "अण्णाला मुलं दोन. एक थोरला. मग दुसरी कोण झाली? आणि या वयात मला कोण धाकटी म्हणेल, माझे दात तरी बघा."

"आत्या, त्यांनी कागदात मला मुलगी म्हटलंय. दोनदा. मग त्याच कागदात धाकटी कशाला म्हणतील?"

"एकाच माणसाला दोन तऱ्हांनी बोलवत नाहीत का? तुला लहानपणी शाई म्हणायचा, रागावला की बाईसाहेब म्हणायचा. तेव्हा नाही विचारलंस दुसरी बाई कोण म्हणून."

वकीलबाईंनी हात वर केला. "शब्दाचा अर्थ काय हे कायद्याला नको असतं. लिहिणारा माणूस त्या शब्दाने कुणाला हाक मारायचा, ते हवं असतं. तुमचं तिघांचं एकमत झालं तर तसं लिहून द्या, मी पुढचं बघते. नाही झालं तर कोर्ट आहे. आणि एक सांगू का? तुम्हीही आपापलं इच्छापत्र करा. त्यात पूर्ण नाव लिहा, नातं लिहा, पत्ता लिहा. लाडाची नावं लाडापुरती ठेवा."

घरी परतताना आत्या दोघांच्या पुढे चालत होती, तिच्या नेहमीच्या, कुणीतरी मागे लागल्यासारख्या चालीने. शाईने मुद्दाम पावलं आखडती घेतली. वकीलबाईंनी तो शब्द मोठ्याने वाचला होता तेव्हा एक क्षण तिला वाटलं होतं, असू दे की मी. बाबांनी शेवटी लिहिलेल्या एवढ्याशा मजकुरात एक शब्द तिच्यासाठी असता तर तिला तो हवा होता. मुलगी हा शब्द कुठल्याही मुलीला चालतो. तो क्षण तिने तिथेच घडी घालून ठेवून दिला. कामाच्या वेळी ती असंच करायची.

वरची मागची खोली म्हणजे आत्याचं राहणं आणि आत्याचं काम, दोन्ही. बाबा खाली दुकानात पाटीवर पेन्सिलीने अक्षरांची नुसती बाह्यरेषा काढून देत. पाटी वर येई आणि आत्या त्यात रंग भरे. रेघेच्या आत, काठोकाठ, न थरथरता. तरुणपणी एकदा लग्न ठरलं होतं तेव्हा मुलाकडच्यांनी, 'मुलगी काय करते' असं विचारलं. आत्या म्हणाली, 'भरते.' तेवढ्यावरून काही बिनसलं असं नाही, पण लग्न झालं नाही, आणि ती भरत राहिली. मोठी खिडकी, तिच्यापुढे लांब टेबल, भिंतीला टेकलेल्या अर्ध्या झालेल्या पाट्या, टर्पेंटाइनचा वास. एका कोपऱ्यात पलंग, आणि त्या पलंगावर आज एक ट्रंक उघडी पडलेली.

"ही कशाला काढलीस?" शाईने विचारलं.

"हवा लागू दे म्हणून."

"हवा लागायला कपडे घड्या करून आत ठेवतात?"

"प्रुफं वाचणाऱ्या बाईशी बोलायची सोय नाही," आत्या म्हणाली आणि ट्रंकेचं झाकण लावून त्यावर बसली. "हे बघ, मी टेकडीखालच्या त्या वृद्धाश्रमात जाऊन आले. खोली हवेशीर आहे. बायका बऱ्या आहेत. एक जरा फुशारकी मारते, पण तेवढं चालायचंच. फाटकावरच्या पाटीचा रंग उडालाय. 'वृ' पार गेलाय, नुसतं 'द्धाश्रम' उरलंय. येणारा माणूस त्या जोडाक्षरालाच घाबरत असेल. मी आले की आधी ते करून देईन म्हटलंय."

"तू परवा फिरायला गेले होते म्हणालीस."

"फिरायलाच गेले. तिथपर्यंत फिरले."

शाई टेबलाला टेकून उभी राहिली. "कुणी सांगितलं तुला जायला? दादाने?"

"त्या बिचाऱ्याला कशाला मधे घेतेस. तो तर माझ्याशी डोळे वर करून बोलत नाही हल्ली. मलाच कळत नाही का? त्याच्याकडे माणसांवर माणसं आहेत. तू भाड्याच्या खोलीत राहतेस, मालकीण दिवसातून तीनदा कडी वाजवते. घर विकलं तर तुझंही काही होईल. मधे मी एक, पाचरीसारखी. अण्णाला कळायला हवं होतं. पण त्याचं ते तसंच, मनात आलं की झालं."

"म्हणजे धाकटी तूच आहेस."

"मी असं म्हटलं नाही."

"आत्ताच म्हणालीस."

"मी अण्णाबद्दल म्हणाले." आत्या उठली आणि उगाचच ब्रश पुसू लागली. ब्रश स्वच्छ होते. "जा तू. तुझी ती प्रुफं वाट बघत असतील."

शाई प्रुफांकडे गेली नाही, शेजारच्या चष्मेवाल्याकडे गेली. तो बाबांचा मित्र, इच्छापत्रावरच्या दोन साक्षीदारांपैकी एक. एका फ्रेमचा बारीक स्क्रू चिमट्यात धरून तो बसला होता.

"काका, तुम्ही बाबांच्या कागदावर सही केलीत. त्यात धाकटी असं लिहिलंय, ते तुम्ही वाचलंत ना?"

"नाही."

"वाचलं नाहीत आणि सही केलीत?"

"साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, सही बघायची असते. त्याने माझ्यासमोर सही केली, मी त्याच्यासमोर केली. वर काय लिहिलंय ते त्याने वहीने झाकून ठेवलं होतं, माझ्यापासून. इतक्या वर्षांच्या मित्रापासून." स्क्रू जागेवर बसला. काकांनी मान वर केली. "कागदात काय आहे मला माहीत नाही. धाकटी कोण, ते या गल्लीतल्या मांजरांनाही माहीत आहे. जिन्याच्या तोंडाशी उभा राहून ओरडायचा. धाकटे, पिवळा पाठव. धाकटे, काना सुकला का. गिऱ्हाईक इथे डोळे तपासायला बसलेलं असायचं आणि दचकून चुकीचं अक्षर वाचायचं. मी किती भांडलो त्याच्याशी." त्यांनी फ्रेम डोळ्यांसमोर धरून दोन्ही दांड्या पाहिल्या. "आता सगळे बरोबर वाचतात."

शाईने हे आत्याला जसंच्या तसं सांगितलं.

"त्याला दुपारी झोपेत काहीही ऐकू येतं," आत्या म्हणाली. पण ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली.

रविवारी थोरला आला. वर न जाता तो जिन्यातच बसून राहिला, आणि शाई खाली निघाली होती तीही त्याच्या वरच्या पायरीवर बसली. खाली दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि त्याच्या खालून गल्लीतल्या माणसांचे नुसते पाय जाताना दिसत होते.

"तो माणूस विचारतोय," थोरला म्हणाला. "किती दिवस थांबवू?"

"आत्या ट्रंक भरून बसलीय."

"माहीत आहे. मला म्हणाली, धाकटी म्हणजे शाईच, तू तिला समजाव." तो हसला, पण ते फार टिकलं नाही. "मला विकायला हवंय, शाई. मी नाही म्हणत नाही. सासूबाईंची खाट मुलांच्या अभ्यासाच्या टेबलाला लागून आहे. त्या कण्हतात आणि पोरं बीजगणित करतात. पण आत्या त्या फाटकातून आत जातेय, असं डोळ्यासमोर आणून बघितलं. नाही जमलं."

शाई पायरीवरचा वाळलेला रंगाचा डाग नखाने खरवडू लागली.

"तुला जिन्यातलं ते आठवतं का?" थोरल्याने विचारलं. "नसेलच आठवत, एवढीशी होतीस. बाबांनी खालून हाक मारली, धाकटे. आणि तू निघालीस. तुला जिना उतरता येत नव्हता, बसून बसून, एकेक पायरी घसरत. खाली पोचलीस तर बाबा म्हणाले, तू नाही गं, ती. तू असं भोकाड पसरलंस की चष्मेवाले काका धावत आले. मीच धाकटी, मीच धाकटी. शेवटी बाबांनी तुला उचललं, माझ्यासमोर आणलं आणि म्हणाले, तू याची धाकटी. माझी धाकटी वर बसलीय."

गल्लीतून एक हातगाडी गेली. तिची चाकं दिसली, मग ती ओढणाऱ्याचे पाय.

"मग?" शाईने विचारलं.

"मग तू माझ्यामागे लागलीस. मला धाकटी म्हण, मला धाकटी म्हण. मी म्हटलं नाही."

"का?"

"शाई म्हणून जास्त चिडवता यायचं."

शाईने त्याच्या पाठीत एक बुक्की घातली. जोरात नाही, पण कित्येक वर्षं घालायची राहून गेलेली.

"हे वकीलबाईंसमोर का नाही बोललास?"

"कुणी विचारलं नाही." त्याने चपलेचा पट्टा सरळ केला. "आणि कुणी विचारू नये असंही वाटत होतं. वकीलबाईंनी परत बोलावलंय ना? तिथे सांगतो. लिहूनही देतो."

"आणि तो घेणारा माणूस?"

"त्याला सांगेन, घरात माणूस आहे." मग थोड्या वेळाने तो म्हणाला, "दुकान तरी भाड्याने देऊ. काकांना जागा वाढवायची आहे, मला दोनदा विचारून झालंय त्यांचं. तेवढं मला पुरत नाही. पण काही नसण्यापेक्षा बरं."

शाईने मान डोलावली. तिला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. आपल्या घरात अशा वेळी काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "चहा करते," आणि वर गेली.

दुसऱ्या खेपेला वकीलबाईंकडे आत्या ट्रंकेतला चांगला कोट घालून आली, जणू मुलाखतच होती. थोरल्याने जिन्याची गोष्ट सांगितली. वकीलबाईंनी ती लिहून घेतली, बाहेरच्या टायपिस्टकडून टाइप करून आणली, आणि दोघा भावंडांनी तिच्याखाली सह्या केल्या: आमचे वडील धाकटी म्हणून आमच्या आत्यालाच हाक मारत असत आणि इच्छापत्रातली धाकटी तीच, याबद्दल आमची काही तक्रार नाही.

आत्या हे सगळं ओठ मिटून बघत होती. सह्या झाल्यावर म्हणाली, "म्हणजे आता ती खोली माझी."

"तुम्ही आहात तोवर."

"मग मला नको. मी सोडून दिली. लिहा तसं."

"आत्या," थोरला म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या सासूची खाट आधी नीट ठेव."

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "सोडता येईल. त्याचाही कागद होतो. मी, अमुक अमुक, इच्छापत्रात जिला धाकटी म्हटलं आहे ती, माझा हक्क राजीखुशीने सोडत आहे. खाली तुमची सही."

"पण मी धाकटी आहे असं मी म्हणतच नाही."

"मग तुमच्याकडे सोडायला काही नाहीच. नको म्हणायलासुद्धा वस्तू आधी आपली असावी लागते. आणि ती यांची नाही असं यांनी दोघांनी आत्ताच लिहून दिलंय. म्हणजे खोली कुणाचीच नाही. मग मीच येते राहायला. खिडकी मोठी आहे म्हणता ना?"

आत्याने वकीलबाईंकडे नीट बघून घेतलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला ती बाई आवडल्यासारखी दिसली.

"तो मूळ कागद दाखवा," ती म्हणाली.

कागद तिच्या हातात आला. बाबांनी काढलेली अक्षरं तिने आजवर किती भरली होती त्याला गणती नव्हती. ही मात्र तिला न दाखवता, तिच्या हातून न जाता लिहिलेली होती. तिने सगळा मजकूर वाचला नाही. एका शब्दावर अंगठा ठेवला, मग उचलला, मग कागद डोळ्यांजवळ नेला.

"'ध'चं पोट फुगलंय," ती म्हणाली. "घाईत असला की फुगवायचा. हजारदा सांगितलं."

तिने तो कागद खाली ठेवला, टेबलावरचा एक कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं.

"आमचे आईवडील धाकटी म्हणायचे. मैत्रिणी म्हणायच्या. सगळे गेले. हा एकटाच उरला होता म्हणणारा."

शाईला हे सगळं वकिलांच्या खोलीत, बाहेर टाइपरायटर वाजत असताना बोलायचं नव्हतं. तिला ते कुठेच बोलायचं नव्हतं. पण आत्याच्या हातातलं पेन उघडं होतं आणि तिच्यासमोर कोरा कागद होता.

"आत्या, मला हा शब्द फार हवा होता," ती म्हणाली. "लहान असताना, आणि परवासुद्धा. मला नाही दिला बाबांनी. तुला दिलाय, आणि तू म्हणतेस परत घ्या."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग त्या कागदाकडे. मग पेनाचं टोपण शोधायला लागली. ते तिच्याच मांडीवर पडलं होतं. थोरल्याने उचलून दिलं. तिने पेन बंद केलं, आणि लगेच पुन्हा उघडलं.

"घेतल्याची सही कुठे करायची?" तिने विचारलं.

वकीलबाईंनी दुसरा कागद तिच्यापुढे सरकवला. तो त्यांनी आधीच करून ठेवला होता. आत्याने चष्मा लावला, आपलं पूर्ण नाव एखाद्या अनोळखी बाईचं असावं तसं हळूहळू वाचलं, आणि पुढे वाचता वाचता थांबली.

"यात 'धाकटि' लिहिलंय. पहिली वेलांटी."

"टायपिस्टची चूक असेल," वकीलबाई म्हणाल्या. "अर्थात फरक पडत नाही."

"तुम्हाला पडत नसेल. धाकटी मी आहे. दुसरी वेलांटी करून आणा, मग सही करते."

वकीलबाई उठून बाहेर गेल्या. थोरला पुन्हा पेनांच्या डब्याकडे बघू लागला, पण आता त्याच्या खांद्यांना हसू येत होतं. टाइपरायटर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तेवढ्या वेळात आत्याने त्याला बजावलं, की दुकान काकांना देणार असशील तर मधल्या भिंतीला दार पाडू देऊ नकोस, तो माणूस दिवसभर बोलत राहील. थोरला म्हणाला, भिंत राहील. मग तिने विचारलं, की तुझ्या मोठ्या मुलीला गणित करायला शांत जागा हवी असेल तर सुट्टीत इकडे का पाठवत नाहीस, वरचा पुढचा हॉल रिकामाच आहे. थोरला म्हणाला, पाठवतो.

नवा कागद आला. आत्याने तो पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि सही केली. सही करून झाल्यावर ती वकीलबाईंना म्हणाली, "माझ्या त्या खोलीत माझ्याबरोबर आणखी कुणी राहिलं तर चालतं का?"

"तुमच्या सोबतीला? चालतं की. अर्ध्या घराची मालकीण असेल तर विचारायलाही नको."

बाहेर पडल्यावर थोरला आपल्या गाडीच्या वेळेला निघून गेला. जाताना त्याने आत्याला वाकून मिठी मारली आणि तिच्या कोटाला त्याच्या खिशातला खडू लागला; ती झटकत झटकत निघाली, आणि शाई तिच्या बरोबरीने.

"तुझ्या घरमालकिणीला आजच सांगून टाक, खोली सोडतेस म्हणून," आत्या म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात येते. हातात एक पुस्तक आहे, सतराशे साठ चुका आहेत त्यात."

"मग त्या चुका काय त्याच खोलीत दिसतात? इकडे उजेड चांगला आहे." तिने कोटावरचा उरलेला खडू झटकला. "मी आहे तोवर असं लिहिलंय त्याने. ते किती दिवस, ते लिहिलेलं नाही. तेव्हा उगीच घोळ घालू नकोस."

शाईने मान दुसरीकडे वळवली आणि एका दुकानाची पाटी मन लावून वाचली. बाबांची नव्हती. चांगलीही नव्हती.

"टेबल केवढं मोठं आहे," आत्या पुढे म्हणाली. "अर्धं तुझं. पण खिडकीकडची बाजू माझी, रंग तिथेच दिसतो. आणि तुझे कागद माझ्या ओल्या पाटीवर आले तर मी फेकून देईन, मग ते कुणाचं का पुस्तक असेना. कबूल?"

"कबूल."

"हे पण लिहून घ्यायचं, की तोंडी चालेल?"

"तोंडी चालेल," शाई म्हणाली.